समासातली दुरुस्ती

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ या कायद्याचं कलम १५ जेमतेम एका परिच्छेदाचं आहे. नोंदीत चूक आहे, किंवा ती खोटेपणाने वा अयोग्य रीतीने झाली आहे, अशी निबंधकाची खात्री पटली तर त्याने ती दुरुस्त किंवा रद्द करावी. मात्र मूळ नोंदीला हात न लावता, समासात लिहून, सही करून आणि तारीख घालून. शिरूरमध्ये लोकांच्या दाखल्यांत आणि अर्जांत डोकं घालून बसण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या काळात माझं एक मत पक्कं होत गेलं. या छोट्या कलमामागचा विचार लोकांनी आणि कचेऱ्यांनी मनावर घेतला, तर कितीतरी हेलपाटे वाचतील. जन्माची नोंद ही एका ठरावीक दिवशी काय घडलं याची साक्ष आहे. म्हणून दुरुस्तीचा अर्ज समोर आला की प्रश्न एकच विचारायचा: त्या दिवशी खरं काय होतं? लिहिलेलं त्याच्याशी जुळत नसेल तर ती चूक, आणि ती त्याच वहीत सुधारली पाहिजे. लिहिलेलं त्या दिवशी खरं होतं आणि पुढे आयुष्यात बदललं असेल, तर वहीला हात लावायचं कारण नाही; त्या बदलासाठी वेगळे कागद आहेत. ऐकायला साधं वाटतं. व्यवहारात मात्र नेमकं उलट चालतं. चूक असते ती लोक गॅझेटने बदलायला जातात आणि बदल असतो तो चूक म्हणून वहीत घुसवू बघतात.

आमच्या भागात चुका कुठून येतात ते आधी पाहू, कारण त्यांतल्या पुष्कळशा निष्काळजीपणातून येत नाहीत, चालीरीतींतून येतात. शिरूरला घोड नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि पूर्वीचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर सुरू होतं. सोयरिकी मात्र नदीच्या दोन्ही काठांवर आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कुणाचं पारनेरला, कुणाचं श्रीगोंद्याला, कुणाचं दौंडला. कायदा जन्म जिथे झाला तिथे नोंद करतो. बाळ पुढे कुठे वाढणार याच्याशी त्याला कर्तव्य नाही. न्हावऱ्याच्या पोराची नोंद मग श्रीगोंद्याला असते. पाच-सहा वर्षांनी शाळेत घालताना घरची माणसं आपल्या ग्रामपंचायतीत चौकशी करतात, तिथे काही सापडत नाही, आणि नोंदच झालेली नाही असं समजून उशिराच्या नोंदीचा खटाटोप सुरू होतो. एकाच जन्माच्या दोन नोंदी तयार होतात त्या अशा. त्यात बारसं बाराव्या दिवशी आणि दवाखान्यातून सुट्टी त्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे नावाचा रकाना कोरा राहतो. ही तर चूकसुद्धा नव्हे. कलम १४ मध्ये नाव मागाहून घालण्याची सोय आहे, पहिल्या बारा महिन्यांत फुकट आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तरी कोऱ्या रकान्यासाठी लोक दुरुस्तीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र घेऊन हिंडताना दिसतात. शिवाय खुद्द आमच्या गावाला दोन नावं. जुन्या कागदांवर जन्मस्थान घोडनदी, नव्यांवर शिरूर; वर बीडमध्ये शिरूर कासार आणि लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ आहेतच. परगावच्या कचेरीतल्या माणसाला ही दोन वेगळी गावं वाटली तर त्याला दोष कसा द्यायचा?

सगळ्यांत गुंतागुंतीचा रकाना आईच्या नावाचा. लग्नानंतर आपल्याकडे बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. बाळंतपण माहेरी झालं की दवाखान्यात माहिती सांगणारा तिचा भाऊ किंवा बाप असतो. तो तिचं नाव त्याच्या तोंडी बसलेलंच सांगतो. कधी तिचं आधार कार्डच अजून माहेरच्या नावाचं असतं. पोराच्या दाखल्यावर मग माहेरचं नाव येतं आणि पुढे सगळीकडे सासरचं, आणि दोन्ही एकाच बाईची नावं आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर पडते. इथे माझा प्रश्न लावून बघा. दवाखान्याच्या केसपेपरवर त्या दिवशी तिचं जे कायदेशीर नाव होतं तेच नोंदीत असेल, तर नोंद बरोबर आहे. तिचं नाव पुढे बदललं याला विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट हा पुरावा, आणि समोरच्या कचेरीने तो जोडून वाचायला हवा. पण भावाने लाडाचं नाव सांगितलं आणि ते तसंच लिहिलं गेलं, तर ती चूक आहे आणि ती वहीतच सुधारली पाहिजे. हा फरक आता जास्तच महत्त्वाचा झाला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवला आहे. निर्णय चांगलाच आहे. पण आईचं नाव आता एका बाजूच्या रकान्यातून उठून पोराच्या पूर्ण नावात आलं. तिथली चूक यापुढे त्या पोराबरोबर आयुष्यभर चालेल.

मूळ लिखाण न खोडण्याचा हा शहाणपणा जन्माच्या वहीपुरता नाही. सातबारा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. वारसनोंद झाली की मयताचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि बाजूला फेरफाराचा नंबर येतो. तो फेरफार काढला की कुणाचं नाव का गेलं आणि कुणाचं का आलं हे कळतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदार लेखनदोष दुरुस्त करू शकतो, पण लेखनदोषाच्या नावाखाली हक्क बदलू शकत नाही. खरेदीखतात गट नंबर चुकला तर जुनं खत फाडून नवं करत नाहीत. दोन्ही पक्ष दुय्यम निबंधकापुढे येऊन चूक दुरुस्ती लेख नोंदवतात आणि तो मूळ खताबरोबर वाचायचा असतो. एका पक्षाने यायला नकार दिला तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली दिवाणी न्यायालयात जावं लागतं. आणि तिथेही सिद्ध करायचं ते हेच, की करार करताना दोघांच्या मनात खरोखर काय होतं. जमिनीच्या बाबतीत हे शिरूर-दौंडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. तोच माणूस जन्मदाखल्याच्या बाबतीत मात्र म्हणतो, “जुनं काढून टाका, नवीन कोरा दाखला द्या.” समासातला शेरा त्याला डाग वाटतो. कचेऱ्याही त्याला डागच मानतात आणि शेरा दिसला की आणखी चार कागद मागतात. माझ्या मते सही-तारखेचा शेरा असलेली नोंद बिनशेऱ्याच्या नोंदीपेक्षा जास्त भरवशाची, कारण ती एकदा तपासली गेली आहे.

न खोडलेल्या वहीची किंमत काय असते हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजातल्या लोकांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुनी दफ्तरं उघडली गेली. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मोडीतली जन्ममृत्यूची पानं, शाळांची जनरल रजिस्टरं. गावोगावचे लोक तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे धावले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्या पानांवर विश्वास का? लिहिणाऱ्याला पुढच्या शतकातल्या आरक्षणाची कल्पना नव्हती म्हणून. जातपडताळणीचं दक्षता पथक नेमकं काय शोधतं, तर वेगळ्या शाईत मागाहून घुसवलेला शब्द. म्हणजे आपल्याला भीती दुरुस्तीची नाही, चोरून केलेल्या दुरुस्तीची आहे. कलम १५ चा शेरा उघडपणे सांगतो की मी नंतर आलो, अमुक तारखेला आलो आणि मला आणणारा माणूस हा.

त्या दिवशी खरं काय होतं हे ठरवायचं कसं, यावर माझं उत्तर असं की पुरावा जन्माच्या जितका जवळचा, तितका वजनदार. दवाखान्याचं प्रसूती रजिस्टर, माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची नोंद, अंगणवाडीची यादी, त्यानंतर शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आधार कार्ड यात शेवटी येतं, कारण त्यावरची तारीख दुसऱ्या कुठल्यातरी कागदावरून किंवा तोंडी सांगितलेल्यावरून आलेली असते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं खुद्द आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला. तरी लोक पहिली धाव आधार केंद्राकडे घेतात, कारण ते जवळ असतं आणि तिथे काम पटकन होतं. आधारवरची जन्मतारीख एरवी एकदाच बदलून मिळते. मूळ नोंद सुधारण्याआधीच ती एक संधी वापरून टाकली की पुढे मुळात बरोबर असलेली तारीख लावायलाही दार बंद.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मूळ नोंदच मुळात भरवशाची नसेल तर? माझ्या पिढीतल्या आणि आधीच्या कितीतरी लोकांचा जन्म १ जूनचा आहे. गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख धरली, वय अंदाजाने लावलं आणि सगळा वर्ग एकाच दिवशी जन्मला. जुन्या कोतवाल बुकात तर मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात आणि एक मुलगा किंवा एक मुलगी. दोन भाऊ असले की उतारा कुणाचा यावरून वाद. हे सगळं खरं आहे. पण यावरून मूळ नोंद निरुपयोगी ठरत नाही. ती किती सांगते आणि किती सांगत नाही हे मान्य करावं लागतं, इतकंच. ज्याची जन्मनोंद सापडते आणि शाळेत १ जून लागला आहे, त्याच्या बाबतीत वही श्रेष्ठ. ज्याची जन्मनोंदच नाही त्याने निवृत्तीच्या तोंडावर ‘खरी’ तारीख शोधून काढावी याला माझी सहानुभूती कमी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा नियम, १९८१ मध्ये सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलण्याचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. ही अट काहींना जाचक वाटते. पण चूक खरी असेल तर ती तरुणपणीही टोचते. नोकरीची दोन वर्षं वाढवायची वेळ आल्यावरच ती आठवावी, हे संशयाला जागा देणारं आहे.

दुसरा आक्षेप असा की गॅझेट असताना वहीच्या मागे कशाला लागायचं? गॅझेट निघतं, छापील असतं, त्यावर सरकारचं नाव असतं. अडचण एवढीच की गॅझेट हे जाहीरपणे सांगणं आहे, शोधून ठरवणं नव्हे. राज्य राजपत्रातल्या नावबदलाच्या जाहिरातींवरच टीप असते की मजकूर अर्जदाराच्या सांगण्यावरून छापला आहे, कागदपत्रांची छाननी केलेली नाही आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही. लोक ही टीप वाचत नाहीत. ‘आजपासून मी अमुक नाव लावणार’ हे सांगायला गॅझेट योग्य आहे. ‘माझ्या जन्माच्या वेळी कारकुनाने चुकीचं लिहिलं’ हे सिद्ध करायला ते अपुरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी सीबीएसईच्या प्रमाणपत्रांविषयी निकाल देताना नेमका हाच भेद केला: आधीच्या सार्वजनिक नोंदींशी जुळवून घेण्यासाठीची दुरुस्ती वेगळी आणि नव्याने धारण केलेल्या नावाचा बदल वेगळा. दोन्हींना वाट हवी असं न्यायालयाने म्हटलं, आणि बदल कधी झाला याची टीप प्रमाणपत्रावर ठेवण्याची मुभाही मंडळाला दिली. समासातला शेराच तो, जरा वेगळ्या कागदावर.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीला खरोखर अडचणीत आणणारा आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा ओळखपत्र मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यावरचं पहिलं नावसुद्धा बदलण्याचा हक्क देतो. ६ जुलै २०१५ च्या निकालाप्रमाणे अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता मुलाचा जन्मदाखला मिळतो. दत्तक मुलाच्या दाखल्यावर दत्तक आईबापांची नावं येतात. ‘त्या दिवशी खरं काय होतं’ हा एकच प्रश्न धरून बसलं तर या माणसांवर अन्याय होईल. मला हे मान्य आहे, आणि म्हणून मी माझ्या नियमाला सक्तीचा मानत नाही. पण हे अपवाद कायद्याने किंवा न्यायालयाने उघडपणे, कारण देऊन, विशिष्ट लोकांच्या सन्मानासाठी केले आहेत. अंकशास्त्रात बसावं म्हणून नावात एक अक्षर वाढवणं किंवा पहिलीच्या प्रवेशाला वय बसावं म्हणून तारीख पुढेमागे करणं त्या रांगेत बसत नाही. मुलीचं लग्न लवकर उरकता यावं म्हणून वय वाढवणं तर मुळीच नाही. तो २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला फसवण्याचा प्रयत्न आहे.

फसवणुकीचं नाव निघालंच, तर कचेऱ्यांचा बचाव ऐकायला हवा. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, बहुतेकदा म्हणतात, “कोर्टाचा आदेश आणा.” त्यांची भीती खोटी नाही. एका वर्षानंतरच्या उशिराच्या नोंदींचे अधिकार २०२३ च्या दुरुस्तीने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून जिल्हाधिकारी, प्रांत आणि प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले, त्यातून दिलेल्या दाखल्यांवर राज्यात मोठा गदारोळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने हे आदेश थांबवले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. तेव्हापासून सही करणाऱ्याचा हात आणखी आखडला. पण यात दोन गोष्टींची गल्लत होते आहे. न झालेली नोंद करणं कलम १३ मध्ये येतं, झालेल्या नोंदीतली चूक सुधारणं कलम १५ मध्ये. दुसऱ्यासाठी न्यायालयात जाण्याची अट कायद्यात नाही. अधिकार निबंधकाचाच आहे. लेखनाची चूक असेल तर त्याने स्वतः खात्री करून सुधारायची. तपशिलाची चूक असेल तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह माणसांचं कथन घ्यायचं. नोंद लबाडीने झाल्याचं दिसलं तर वरिष्ठांना अहवाल द्यायचा. आणि दुरुस्ती झाल्यावर मूळ माहिती देणाऱ्याला कळवायचं. लबाडीला अडवायला एवढ्या कड्या आहेत. त्या लावायच्या सोडून दारच बंद ठेवलं तर लबाड माणूस दुसरी वाट काढतो, आणि अडकते ती ‘सुनिता’ची ‘सुनीता’ करून मागणारी बाई. २०२३ च्या दुरुस्तीने कलम २५अ घालून निबंधकाच्या निर्णयावर जिल्हा निबंधकाकडे तीस दिवसांत अपील करण्याची आणि नव्वद दिवसांत निकालाची तरतूद केली आहे. पण अपील करायला आधी लेखी नकार हातात लागतो, आणि ‘कोर्टात जा’ हे नेहमी तोंडीच सांगितलं जातं. म्हणून माझा सल्ला असतो: अर्जाची पोच घ्या आणि नकार लेखी मागा.

काही जण म्हणतात, आता सगळं ऑनलाइन झालं, पुढच्या पिढीला हा प्रश्नच राहणार नाही. मला उलटं वाटतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मदाखला हाच पुरावा. पासपोर्टलाही जन्मतारखेसाठी तोच. पूर्वी एका दाखल्यातली चूक दुसऱ्या दाखल्याने झाकली जायची. आता झाकायला दुसरं काही नाही.

शेवटचा प्रश्न त्यांचा, ज्यांच्या बाबतीत सुधारायला नोंदच नसते. हंगामात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या आमच्या शिरूर-दौंडच्या उसात येतात, आणि फडाशेजारच्या कोपीत मूल जन्माला येतं. नोंद व्हायला हवी ती इथल्या ग्रामपंचायतीत, एकवीस दिवसांच्या आत. टोळी तोवर दुसऱ्या गावाच्या फडावर गेलेली असते, आणि हंगाम संपून पट्टा पडला की गावी. सहा वर्षांनी शाळा दाखला मागते तेव्हा आईबापांना महिना आठवतो, गाव आठवत नाही. त्यांच्याकडून दवाखान्याचा कागद मागणं म्हणजे नसलेलं मागणं. पण त्या दिवसाचा माग अगदीच नसतो असं नाही: कोणत्या कारखान्याची टोळी, मुकादमाच्या उचलीच्या वहीतली जोडप्याची नोंद, आशाताईंनी फडाला दिलेली भेट, लसीच्या कार्डावरचा उपकेंद्राचा शिक्का. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने आधार कार्डाची झेरॉक्स पुढे ओढण्याआधी हे कागद मागवले, तर इतक्या उशिरानेही ती नोंद खऱ्या गावात आणि खऱ्या महिन्यात लागू शकते.